‘येते’ म्हणणारी पाटी

“येते हं.”

एवढेच दोन शब्द. बोलणारीचा आवाज खाली गेलेला, शेवटचा ‘हं’ तर अर्धा गिळलेलाच. कान देऊन ऐकलं तर त्या आवाजामागे, शेजारच्या दुकानात इस्त्री टेबलावर टेकवल्याचा एक ठोकाही ऐकू येतो. कितीतरी वर्षांपूर्वी हा आवाज माझ्या पोटात शिरला. माझ्यातले बाकीचे आवाज नंतर बदलले, पुसले गेले, विझले. हा मात्र राहिला.

मित्रांनो, मी एक जुनी बोलकी पाटी आहे. तुम्ही लिहून पुसता ती पाटी मी नव्हे. माझं अंग पांढऱ्या प्लॅस्टिकचं, वहीपेक्षा थोडं मोठं. अंगावर चौकोनी घरं, आणि प्रत्येक घरात पारदर्शक झाकणाखाली एक चित्र. पेला, चष्मा, उशी, दुखणारं डोकं. चित्रावर बोट दाबलं की मी बोलते. पण माझा स्वतःचा असा एकही शब्द नाही. कुणीतरी माझं लाल बटण दाबून बोलायचं, मी ते जपायचं, आणि मागेल तेव्हा जसंच्या तसं परत द्यायचं. मला तयार केलं त्या लांब टेबलाशी एक बाई डोळ्याला भिंग लावून बारीक तारा जोडत बसायची. काम झाल्यावर माझ्या एका घरात ती म्हणाली, “जेवलीस का गं?” मी तेच तिला परत विचारलं. ती हसली आणि तिने ते पुसून टाकलं. माझा पहिला शब्द तो, आणि पहिली पुसणीही तीच.

मी कुणासाठी आहे ते सांगते. कधीकधी मोठ्या माणसांच्या मेंदूला झटका येतो. रक्त पोचायला हवं तिथे पोचत नाही, आणि काही जणांचे शब्द हरवतात. माणूस वेडा होत नाही, बहिरा होत नाही. त्याला माणसं कळतात, थट्टा कळते, अपमान तर फारच चांगला कळतो. फक्त मनातून ओठांकडे निघालेला शब्द वाटेत चुकतो आणि भलताच शब्द दारात येऊन उभा राहतो. अशा माणसांच्या घरी मी राहायला जाते.

मी गेले ते एका शिंप्याच्या घरी. त्यांना सगळे मास्तर म्हणत. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं. कापायचं रुंद टेबल, खिडकीशी पायाचं शिवणयंत्र, दोरीवर बाह्या पसरून लोंबणारे अर्धवट शर्ट. मास्तरांच्या गळ्यात मापाची टेप आणि खिशात खडूची चपटी वडी. एका सकाळी कॉलरीला काज करता करता त्यांच्या बोटांतून सुई सुटली. ती उचलायला म्हणून वाकले ते उठलेच नाहीत. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात नुसता लोंबत होता आणि तोंडात एकच शब्द उरला होता. दोरा.

पाणी हवं असलं तर दोरा. खिडकी लावा म्हणायचं तर दोरा. राग आला की मोठ्याने दोरा, रडू आलं की बारीक दोरा. बायकोला हाक मारायची तरीही दोराच.

“जन्मभर दोरा संपला की माझ्यावर ओरडले, आता मीच दोरा झाले,” असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायची. तिला आळीतले सगळे काकू म्हणत. हसून झालं की काकू स्वयंपाकघरात जात आणि नळ सोडून बराच वेळ नुसत्या उभ्या राहत.

मला तिथे नेलं ते वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी. शेजारच्या इस्त्रीवाल्यांनी त्यांचं नाव शब्दबाई ठेवलं, आणि मग सगळ्यांच्याच तोंडी ते बसलं. शब्दबाईंनी पहिल्या दिवशी काकूंना एकच गोष्ट शिकवली. मास्तरांना काही विचारलंत की थांबायचं. त्यांच्या तोंडचा शब्द आपण पळवायचा नाही. मनातल्या मनात एक अख्खा शर्ट शिवून होईल, इतकं थांबायचं.

“थांबते की,” काकू म्हणाल्या. “ह्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना थांबवलंय. आता आमची पाळी.”

मास्तरांच्या तोंडाची एक बाजू हसली. दुसरी हसायचं विसरली होती.

मग प्रश्न आला तो माझ्यात कुणी बोलायचं याचा. काकूंनी हात जोडले. ह्यांनी माझं ऐकून ऐकून कान किटवून घेतलेत, म्हणाल्या, आता पाटीतूनही मीच ओरडू का? मग खाली बघत म्हणाल्या, लेकीला सांगते. आणि मास्तरांचा डोळा लागल्यावर, टेबलाच्या कडेवरची खडूची भुकटी बोटाने गोळा करत करत त्यांनी शब्दबाईंना लेकीची गोष्ट सांगितली. मी टेबलावरच होते. तीच तुम्हाला सांगते.

लहानपणी लेक यंत्रातल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी घरभर गोल गोल फिरायची, म्हणून मास्तर तिला बॉबिन म्हणत. यंत्राच्या पायथ्याशी बसून ती चिंध्यांवर टाके घालायची आणि मास्तर पाय चालवता चालवता तिच्यासाठी गाणं म्हणायचे. त्यांनीच जुळवलेलं होतं.

सुईबाई गं सुईबाई, कितीक लांब जाशी,
दोरा आहे मागे मागे, गाठ त्याच्यापाशी.

ती मोठी झाली, कापड कापायला शिकली. तिचा हात बापापेक्षा सरळ चाले. मास्तरांनी मनात धरलं होतं की दुकान तिचं. पण हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही, आणि तिने दुसऱ्या गावी कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात काम धरलं. तिथे एकेकाने कपड्याचा एकेक तुकडाच शिवायचा असतो. निघायच्या दिवशी मास्तर तिला म्हणाले, “जन्मभर बाह्या जोडशील. अख्खा शर्ट कसा दिसतो ते विसरून जाशील.”

तिने पिशवी उचलली आणि म्हणाली, “जाते मी.”

मित्रांनो, आपल्या बोलण्यात घरातून निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. आपण ‘येते’ म्हणतो, ‘येतो’ म्हणतो. पाय बाहेर पडतात आणि जीभ परत यायचं कबूल करते. आणि घरातलं मोठं माणूस म्हणतं, ये. काकू आतून म्हणाल्या होत्या, “अगं, येते म्हण.” लेकीने म्हटलं नाही. मास्तरांनी यंत्रावरून मान वर केली नाही. ते ‘ये’ म्हणाले नाहीत.

त्यानंतर ती यायची ती मास्तर मापं घ्यायला बाहेर गेलेले असताना. आईला भेटून परत. मास्तरांना झटका आल्यावर मात्र ती वारंवार येऊ लागली. त्यांना भरवायची, त्यांची दाढी करायची, पण दोघांमध्ये बोलणं नव्हतं. निघायची वेळ झाली की ते झोपायची वाट बघायची आणि चपला हातात घेऊन हळूच बाहेर पडायची. निघताना म्हणायचं ते तिने कधीच म्हटलं नाही, ना ‘जाते’, ना ‘येते’.

मास्तरांकडे शब्द होते तेव्हा त्यांनी एक द्यायचा ठेवला होता. आता द्यावा म्हटलं तर हाताला फक्त दोरा लागत होता. आणि एक झटका आलेल्या माणसाला दुसरा केव्हाही येऊ शकतो, हे काकूंनाही ठाऊक होतं.

लेक आली ती कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी. उंच, बारीक, बोटांना सुईचे टोचे. शब्दबाई एकेक चित्र दाखवत गेल्या आणि ती लाल बटण दाबून बोलत गेली. पाणी हवंय. चष्मा द्या. मी दमले. मी जरा पडते. मला कंटाळा आला. दाराचं चित्र आलं, तिथे हलणारा एक हात काढलेला होता. शब्दबाई म्हणाल्या, हे निघतानाचं, कुणाच्या घरून निघालं की म्हणतो ना ते. लेकीचं बोट बटणावर थांबलं. तिने मास्तरांकडे बघितलं नाही. शेजारी इस्त्रीचा ठोका पडला. मग ती माझ्याजवळ वाकून म्हणाली, “येते हं.”

सगळं भरून झालं आणि मास्तरांनी डाव्या हाताचं बोट उशीच्या चित्रावर ठेवलं. मी बोलले, “मी दमले.”

इस्त्रीवाले दारात उभे होते. “काय मास्तर,” ते म्हणाले, “एवढ्या मिशा ठेवून ‘दमले’?”

सगळ्यांच्या तेव्हा लक्षात आलं. लेक आपल्या सवयीने बाईमाणसासारखं बोलत गेली होती, आणि बोलायचे होते मास्तर. मास्तर स्वतःच इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजारानंतर त्या घरात कुणी पहिल्यांदाच पोटभर हसत होतं. शब्दबाईंनी पुन्हा एकेक घर उघडायला लावलं. लेकीने आपल्या पातळ आवाजात ‘मी दमलो’ म्हटलं, ‘मी जरा पडतो’ म्हटलं आणि दर वेळी ओठ चावला. शेवटचं घर उरलं तोवर तिची बस चुकायची वेळ झाली. ती घाईने निघून गेली. दाराच्या चित्रातलं ‘येते’ तसंच राहिलं. त्याचं ‘येतो’ करायचं राहून गेलं.

मास्तर मला शिकले. पाणी मागू लागले, पंखा बंद करायला सांगू लागले. इस्त्रीवाले गप्पा मारायला बसले आणि फार बोलू लागले की मास्तर ‘मी दमलो’ दाबायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. काकू मला रोज सकाळी मऊ फडक्याने पुसायच्या आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवायच्या. त्यांच्या गळ्यात टेप घालायलाही विसरायच्या नाहीत. ती नसली की मास्तर मानेवर हात फिरवत राहत. एकदा काकू भांडी पुसता पुसता सुईबाईचं गाणं गुणगुणल्या आणि मास्तरांनी पुढची ओळ म्हटली. अख्खी. ‘दोरा आहे मागे मागे, गाठ त्याच्यापाशी.’ काकूंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. त्यांना वाटलं, आले शब्द. पण गाणं थांबलं आणि मास्तर पुन्हा नुसते दोरा दोरा म्हणू लागले. शब्दबाई म्हणाल्या, असं होतं, गाण्याची वाट वेगळी असते. गाण्याच्या पाठीवर बसून शब्द येतात, गाणं थांबलं की उतरून निघून जातात.

घोर लागला तो दाराच्या चित्राने. मास्तर ते सारखं दाबायचे. मी म्हणायची, “येते हं.” काकूंना वाटायचं, बाहेर जायचंय. त्या चपला आणायच्या, काठी आणायच्या. मास्तर काठी दूर सारायचे. इस्त्रीवाल्यांनी त्यांना धरून कोपऱ्यापर्यंत फिरवून आणलं. परत येऊन खुर्चीत बसताक्षणी त्यांनी पुन्हा तेच घर दाबलं. शब्दबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, या आजारात बोट कधीकधी एकाच जागी अडकतं. ते घर आता पुसून दुसऱ्या कामाचा शब्द घालू. लेक येईल तेव्हा करू.

मला माहीत होतं, मित्रांनो. काकू आत गेल्या की मास्तर मला उचलून कानाशी धरत आणि मग त्याच हाताच्या अंगठ्याने दाराचं चित्र दाबत. “येते हं.” मग त्यांचे ओठ हलत. जबडा पुढे येई, जीभ काहीतरी चाचपडे, कपाळावर शीर उठे. आणि निघे तो दोराच. ते डोळे मिटत, थोडं थांबत आणि पुन्हा मला कानाशी लावत. सगळ्यांना वाटत होतं की मास्तर बोलताहेत. मास्तर ऐकत होते. बोलायचं होतं ते त्यानंतर, आणि ते माझ्या कुठल्याच घरात नव्हतं.

पण मी हे कुणाला सांगणार? ओरडून सांगावंसं वाटे, पण माझ्यात पेला होता, उशी होती, डोकेदुखी होती. ते खुर्चीत, मी त्यांच्या मांडीवर, आम्ही दोघं तसेच बसून राहायचो.

लेक आली. शब्दबाईही तिच्यासोबत होत्या. लेकीने माझं झाकण उघडून दाराचं चित्र काढलं आणि लाल बटणावर बोट ठेवलं. मास्तरांनी डावा हात झटकन माझ्यावर ठेवला.

“बाबा, हात काढा. दुसरा शब्द घालायचाय.”

झटक्यानंतर तिने त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मास्तर दोरा, दोरा म्हणत राहिले. आवाज चढत गेला. त्यांनी चित्र नसलेलं ते रिकामं घर दाबलं. “येते हं.” मग बोट लेकीकडे केलं. मग दाराकडे. पुन्हा लेकीकडे, पुन्हा दाराकडे.

लेकीचा चेहरा पडला. ती उठली. पिशवी खांद्याला लावताना आईला म्हणाली, “बघ. जायला सांगतायत मला. अजून तेच.”

काकूंनी खुर्चीची पाठ धरली. शब्दबाई नुसत्या थांबल्या. लेक उंबऱ्यापाशी पोचली आणि मास्तरांनी पुन्हा दाबलं. तिचाच आवाज तिच्या पाठीला जाऊन लागला. “येते हं.”

ती उभी राहिली. वळली नाही. मास्तरांनी आणखी एकदा दाबलं, आणि मग हात काढून घेऊन ते तिच्या पाठीकडे बघत राहिले.

“हे ‘येतो’ करायचं राहिलं होतं,” लेक दाराकडे तोंड करूनच म्हणाली. मग उंबऱ्यापासून पाय मागे घेतला. “म्हणून बदलू देत नाहीयेत ना, आई? हे त्यांचं बोलणं नाहीच. हे माझं आहे.”

काकू खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. त्या दिवशी आतून म्हणाल्या होत्या तेच त्या आता म्हणाल्या, अगदी हळू. “अगं, येते म्हण.”

लेक परत आली. मास्तरांच्या गळ्यातली टेप एका बाजूला घसरली होती, ती तिने सारखी केली. “येते हं, बाबा,” ती म्हणाली.

मास्तरांचे ओठ हलले. जबडा पुढे आला. आम्ही सगळे थांबलो, एक शर्ट शिवून होईल इतके थांबलो. “दोरा,” मास्तर म्हणाले आणि मांडीवर मूठ आपटून रडू लागले. लेकीने ती मूठ आपल्या हातात घेतली. म्हणाली, “हो बाबा. दोरा.”

शब्दबाईंनी ते चित्र परत जागच्या जागी बसवलं. आपल्याला हे सुचलं नव्हतं, असं त्या मास्तरांना साधेपणाने म्हणाल्या, आणि त्या घराला पुढे कुणी हात लावला नाही. त्यानंतर लेक चपला हातात घेऊन कधी गेली नाही. दर वेळी समोर उभी राहून ‘येते हं, बाबा’ म्हणायची. दर वेळी मास्तर जीव एकवटायचे. दर वेळी दोरा.

मग थंडीत दुसरा झटका आला. त्यात डावा हातही गेला आणि दोराही गेला. काकू मला उशीपाशी ठेवत, पण मला दाबणारं बोट आता उठत नव्हतं. काही दिवसांनी मास्तर गेले. लेक कारखान्यातून पोचली तेव्हा खाट रिकामी होती.

आज मी कपाटावर आहे, कापडाच्या गठ्ठ्यांच्या मागे. अंगावर धूळ आहे. पेल्याचं घर मुकं झालंय, उशीचं घर खरखर करतं. बॅटरी संपत आलीय आणि बदलायचं कुणाच्या ध्यानात नाही. कधीतरी काकू स्टुलावर चढतात, मला काढतात आणि दाराचं चित्र दाबतात. लेकीचा आवाज येतो. त्याच्या मागे मास्तरांचा श्वास ऐकू येतोय का, हे त्या कान लावून बघतात. मलाही सांगता येत नाही की येतोय का.

मित्रांनो, माझ्यासारखी पाटी तुमच्या घरी कुणासाठी आली, तर तिला पुसून ठेवा, तिची बॅटरी वेळेवर बदला. पण आधी ज्याच्या मांडीवर ती आहे त्या माणसापाशी बसा. त्याला लहान मूल समजून मोठ्याने बोलू नका. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवत असेल तर बोट अडकलंय असं लगेच म्हणू नका. कदाचित तो काही मागत नसेल. कदाचित त्याला उत्तर द्यायचं असेल, आणि त्याआधीचा प्रश्न विचारायला तुम्ही हवे असाल. आणि तुमच्या तोंडात शब्द आहेत तोवर, द्यायचे आहेत ते देऊन टाका.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. लेक त्यांना शेवटची भेटली त्या सकाळची.

दुसऱ्या झटक्यानंतरचे दिवस होते. लेक खाटेपाशी राहिली होती आणि त्या दिवशी तिला कामावर हजर होणं भाग होतं. खोलीत शेगडीची ऊब होती. काकू चहा आणायला आत गेल्या होत्या. मी उशीला टेकून होते. मास्तरांचे डोळे अर्धे मिटलेले, गळ्यात टेप. लेकीने पिशवी खांद्याला लावली, वाकली आणि त्यांच्या कानापाशी म्हणाली, “येते हं, बाबा.”

मग ती थांबली. बस निघून जाईल हे तिला ठाऊक होतं. ती मनात कॉलर शिवत असेल, बाह्या जोडत असेल, एकेक बटण लावत असेल. शेजारी इस्त्रीचा ठोका पडला. मास्तरांचे ओठ हलले आणि थांबले. लेक हलली नाही. ओठ पुन्हा हलले, जीभ टाळ्यापाशी गेली, आणि इतकी वर्षं मागे ठेवलेला तो शब्द, माझ्यातून नाही, त्यांच्या स्वतःच्या तोंडातून आला.

“ये.”